फोनवर ऐकू येणारं हसू

एक वाक्य मोठ्यानं म्हणून बघा: ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’ एकदा कोऱ्या चेहऱ्यानं आणि एकदा तोंडभर हसून. मग पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विचारा, कुठल्या वेळी हसत होतात? तो बहुधा बरोबर ओळखेल! व्हिव्हियन टार्टर या अमेरिकी संशोधिकेनं १९८० मध्ये हेच तपासून दाखवलं. हसताना ओठ ताणले जातात, घशापासून ओठांपर्यंतची आवाजाची वाट किंचित आखूड होते, स्वराचा रंग बदलतो आणि चेहरा न दिसताही कान तो बदल टिपतो.

म्हणजे खराडीतल्या किंवा मालाडमधल्या कॉल सेंटरचा ट्रेनर ‘स्माइल करून बोला, कस्टमरला कळतं’ म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. पण मग रात्रपाळीला हेडसेट लावून बसलेल्या मुलीकडून कंपनी नेमकं काय विकत घेते? टायपिंग? माहिती? की तिचं हसू?

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात या विकाऊ हसण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. त्यांनी डेल्टा या विमान कंपनीच्या हवाई सेविकांचा अभ्यास केला आणि जोडीला थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही. सेविकांना आपुलकी दाखवण्याचा पगार, वसुलीवाल्यांना दरारा दाखवण्याचा! दोघेही घरी जाताना सारखेच दमलेले.

आता गिऱ्हाईक ओरडतंय. एजंटचा आवाज मधाळ आहे. आत काय चाललंय?

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ मध्ये काही लोकांना किळसवाण्या फिल्म दाखवल्या. निम्म्यांना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी ते बऱ्यापैकी जमवलंही. पण किळस तसूभरही कमी झाली नाही; उलट त्यांच्या हातांना जास्त घाम आला, बोटांतल्या रक्तवाहिन्या जास्त आकुंचल्या. पुढे २००० मध्ये ग्रॉस यांनी जेन रिचर्ड्स यांच्याबरोबर आणखी मजेशीर गोष्ट दाखवली: भावना दाबून धरणाऱ्यांना समोर काय बोललं गेलं तेच नीट आठवत नाही! मला वाटतं, राग गिळणारा एजंट ऑर्डर नंबर दुसऱ्यांदा विचारतो तो यामुळेही असेल. मग गिऱ्हाईक दुप्पट भडकतं.

यावर उपाय? घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर गाडी आणत नाही, ब्रेक तापतात. तो गिअर खाली घेतो, मग इंजिनच गाडीला आवरतं. राग आल्यावर चेहरा आवळणं म्हणजे ब्रेक. ‘हा माझ्यावर नाही, न आलेल्या रिफंडवर ओरडतोय’ असं मनात आधीच फिरवून घेणं म्हणजे गिअर. शिव्या त्याच, आवाज तोच. पण अर्थ बदलला की राग मुळातच कमी उसळतो आणि ग्रॉस यांच्या प्रयोगांत दाबण्याची ही शारीरिक किंमतही इथे मोजावी लागली नाही. मनातल्या मनात बदललेल्या एका वाक्यानं रक्तवाहिन्यांना फरक पडावा!

त्यात म्यूटचं बटण. ते दाबून एजंट पहिल्यांदा काय करतो? मोठा सुस्कारा टाकतो. आपण सगळेच नकळत साधारण दर पाच मिनिटांनी एक सुस्कारा टाकतो. का? फुप्फुसांतल्या कोट्यवधी हवेच्या पिशव्यांपैकी काही मिटत राहतात. दुप्पट खोल श्वास त्यांना पुन्हा उघडतो. हा सुस्कारा कुठून येतो हे २०१६ मध्ये उंदरांत सापडलं: मेंदूच्या देठातल्या अवघ्या काहीशे पेशींतून. आणि स्टॅनफर्डच्या २०२३ च्या प्रयोगात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं मुद्दाम सुस्कारे टाकले – नाकानं एक श्वास, त्यावरच आणखी थोडा, मग तोंडानं सावकाश सोडणं. त्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारली.

शिफ्ट संपल्यावर कॅबमध्ये गिऱ्हाइकांच्या नकला होतात, त्याही निव्वळ टवाळी नव्हेत. मारेक कोर्झिन्स्की यांना ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या कॉल सेंटरांत दिसलं, की एकमेकांशी असं बोलूनच ही माणसं तग धरतात. त्यांची वेळापत्रकं मात्र अशी आखलेली असतात, की शेजारच्याशी दोन वाक्यं बोलायलाही फुरसत मिळू नये.

इथे सुस्काऱ्याची हद्द संपते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ओझं भरपूर आणि अधिकार शून्य, ही जोडगोळी माणसाला पोखरते. कॉल किती सेकंदांत संपवायचा हे ठरलेलं, शब्द ठरलेले, शिवीगाळ झाली तरी फोन ठेवायची मुभा नाही. ॲलिशिया ग्रँडी आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात एजंटांनी सांगितलं, की गिऱ्हाइकांची आगपाखड दिवसाला सरासरी दहा वेळा होते. पण ज्यांना आपल्या कामावर थोडा ताबा वाटत होता, त्यांना तीच आगपाखड कमी झोंबली. पैशाचंही तसंच: २०१३ च्या अभ्यासात आढळलं, की चांगल्या कामाचे पैसे मिळत असतील तर खोट्या हसण्याचा जाच कमी होतो. पगार तुटपुंजा ठेवून श्वसनाचं शिबिर भरवणं कंपनीला स्वस्त पडतं, एवढंच.

ग्रँडी यांचाच २००७ चा एक प्रयोग तर प्रत्येक मॅनेजरला दाखवावा असा आहे. लोरी गोल्डबर्ग यांच्या साथीनं त्यांनी खोटं कॉल सेंटर उभं केलं. एका गटाला सांगितलं, सतत हसतमुख राहा. दुसऱ्याला, तुमच्या मनासारखं वागा. हसतमुख गट जास्त थकला. आणि ऑर्डर लिहून घेताना जास्त चुकाही त्याच गटानं केल्या.