‘नेटवर्क’ चित्रपटाचे पुनर्दर्शन : संतापाचे बाजारमूल्य

प्रस्तावना :
सिडनी ल्युमेट दिग्दर्शित व पॅडी चायेफ्स्की लिखित ‘नेटवर्क’ (१९७६) हा अमेरिकन दूरचित्रवाणीवरील उपहासात्मक चित्रपट माध्यमविषयक चर्चेत बहुधा ‘भविष्यवाणी’ म्हणून उल्लेखिला जातो. लेखक व दिग्दर्शक या दोघांचीही जडणघडण १९५० च्या दशकातील दूरचित्रवाणीत झाली होती. त्यामुळे हा उपहास आतून आलेला आहे. चित्रपटाचे मर्म नायकाच्या संतापात नसून त्या संतापाचा उपयोग करून घेणाऱ्या व्यवस्थेत आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
प्रेक्षकसंख्या घटल्याने ‘यूबीएस’ या काल्पनिक वाहिनीचा वृत्तनिवेदक हॉवर्ड बील (पीटर फिंच) याला नोकरीतून काढण्याचे ठरते. तो पडद्यावरूनच आत्महत्येची घोषणा करतो आणि प्रेक्षकसंख्या वाढते. प्रेक्षकांना खिडक्या उघडून आपला संताप ओरडून व्यक्त करण्याचे आवाहन तो करतो, ते दृश्य सर्वपरिचित आहे. परंतु खरी कलाटणी मिळते ती कार्यालयात. वृत्तविभागाची स्वायत्तता संपुष्टात येते व बीलचा कार्यक्रम मनोरंजन विभागाच्या डायना ख्रिस्टेन्सन (फे डनवे) हिच्या हाती जातो. वृत्तांसोबत भविष्यकथन करणारी स्त्रीही व्यासपीठावर येते.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. बील दूरचित्रवाणीवरच कठोर टीका करतो, प्रेक्षकांना ती बंद करण्यास सांगतो. तरीही वाहिनी त्याला रोखत नाही, कारण ही टीकाही विकली जाते. मालक कंपनीच्या आर्थिक व्यवहारास तो विरोध करतो, तेव्हा मात्र कंपनीप्रमुख जेन्सन (नेड बीटी) त्याचे मतपरिवर्तन घडवितो. त्यानंतर व्यक्तीचे मूल्य संपले आहे, असा निराशाजनक विचार बील मांडू लागतो आणि प्रेक्षक दुरावतात. जेन्सनला तो हवा असल्याने त्याला काढता येत नाही. अखेर वाहिनीचे अधिकारी त्याच्या हत्येचा निर्णय एखाद्या प्रशासकीय बैठकीच्या थंडपणाने घेतात.

चित्रणशैलीही या आशयाला पूरक आहे. आरंभीचा साधा प्रकाश क्रमाक्रमाने बदलत जाऊन शेवटची दृश्ये जाहिरातीसारखी चकचकीत दिसावीत, अशी योजना असल्याचे ल्युमेट यांनी ‘मेकिंग मूव्हीज’ (१९९५) या पुस्तकात नमूद केले आहे. हा बदल इतका संथ आहे की प्रेक्षकाला तो सहसा जाणवत नाही.

निष्कर्ष :
वर्गात या चित्रपटातील केवळ संतापाचे दृश्य दाखविल्यास आपणही यूबीएसप्रमाणेच संदर्भापासून तोडलेली उत्कटता विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. त्याऐवजी अधिकाऱ्यांच्या बैठकीची दृश्ये अभ्यासावीत. निवेदक काय बोलतो, यासोबतच त्याचे बोलणे कोणाला लाभदायक ठरते आणि कोणत्या क्षणी ते असह्य होते, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर माध्यमशिक्षणाचा हेतू बऱ्याच अंशी सफल होईल.