एकाच खोलीत एकटीलाच थंडी का?

फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली, तेवढ्यानेही काही जणींच्या हाताचं एखादं बोट मधल्या पेरापासून टोकापर्यंत पांढरंफटक पडतं. चिमटा काढला तरी धड कळत नाही. थोड्या वेळाने ते निळसर होतं आणि रक्त परत आलं की लालबुंद होऊन ठणकायला लागतं. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात या त्रासाचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. बहुतेकांच्या बाबतीत त्यातून काही बिघडत नाही. पण बारा महिने काकडणाऱ्या माणसाच्या शरीरात जे आतल्या आत चालतं, ते या बोटावर डोळ्यांनी पाहता येतं.

त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा टिपणारी प्रथिनं असतात. त्यातलं टीआरपीएम-८ हे प्रथिन २००२ साली हाती लागलं. पुदिन्यातल्या मेंथॉलनेही ते चेततं, म्हणून पेपरमिंटची गोळी खाल्ली की तोंड गार पडल्यासारखं वाटतं. या शोधात मोठा वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. गारव्याचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचला की तो आधी हृदय, यकृत, मेंदू यांची ऊब राखतो आणि त्वचेतल्या, विशेषतः हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो. गावात पाणी कमी पडलं की टोकाच्या गल्लीचा नळ आधी आटतो, तसंच हे. एवढ्याने भागलं नाही तर स्नायू थरथरून उष्णता तयार करू लागतात, म्हणजेच हुडहुडी भरते.

थंडी वाजल्याची जाणीव मुख्यतः त्वचेकडून येते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. थर्मामीटर ९८.४ दाखवत असताना एखादी बाई ‘गारठले’ म्हणते, तेव्हा ती कुरकुर करत नसते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत बायकांचं आतलं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्तच भरलं, हात मात्र जवळपास तीन अंश फॅरनहाइटने गार निघाले. स्वस्थ बसलेलं असतानाही शरीर उष्णता तयार करत असतं आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा. सरासरीने बायकांच्या अंगावर स्नायू कमी, त्यामुळे बसल्याजागी तयार होणारी ऊबही कमी.

ऑफिसातल्या गारव्याचा हिशेब मात्र ठरला तो पुरुषाच्या शरीरावरून. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं की इमारतींच्या तापमानाची प्रचलित सूत्रं चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाला गृहीत धरतात आणि बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त मोजतात. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसीचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंश केलं आहे. रिमोट मात्र अजूनही ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर चालतो. खुर्चीच्या पाठीला कायमची शाल टांगून ठेवणाऱ्या सहकारिणीला ‘नाजूक’ म्हणण्यापेक्षा दोन अंश वाढवणं सोपं आहे.

स्नायूंचा मुद्दा आपल्याला आणखी एका कारणाने लागू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इथल्या नवजात बाळांचा अभ्यास करून दाखवलं की इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत आपली बाळं वजनाने बरीच कमी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. मार खातात ते स्नायू. दिसायला सडपातळ, आतून स्नायू कमी, अशी शरीरयष्टी पुढेही अनेकांची राहते. सतत गारठणाऱ्यांना चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सुचवतात तो यासाठीच. त्याचा गुण यायला काही महिने लागतात, पण येतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याच्या वर आहे. लोह कमी पडलं की ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन घटतं, शिवाय शरीराची भट्टी किती पेटवायची हे ठरवणारं थायरॉइडचं संप्रेरकही नीट तयार होत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी १९९० मध्ये रक्तक्षय असलेल्या बायकांना २८ अंशांच्या पाण्यात बसवून पाहिलं. निरोगी बायकांपेक्षा त्यांचं शरीर लवकर थंड पडलं. लोह दिल्यावर त्यात सुधारणा झाली. घरातल्या सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणारी, पाळीत भरपूर रक्तस्राव सोसणारी बाई रात्री दोन गोधड्या घेऊन झोपते आणि घरचे म्हणतात, ‘तिचं अंगच तसं आहे.’ हे वाक्य घराघरांतून हद्दपार व्हायला हवं.

थायरॉइडची ग्रंथी स्वतःच मंदावली असेल तर थंडीबरोबर वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं, त्वचा कोरडी पडते, केस गळतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत जास्त आढळते. तिच्यामुळे रक्त कमी होतंच, पायांतल्या नसाही दुखावतात. मग पाय हाताला गरम लागले तरी त्या माणसाला ते गार आणि बधिर वाटतात. मधुमेहातही असं होतं. रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः बीटा ब्लॉकर, हातपाय गार करतात. पण ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं. तंबाखू आणि विडी-सिगारेट रक्तवाहिन्या आवळतात. दारूने त्या सैलावतात, त्यामुळे ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर निघून जाते.

रोजच्या जगण्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. नुसते हातमोजे घालण्यापेक्षा आधी छाती, पोट, मान झाकावी. आतला भाग उबदार राहिला की शरीर बोटांकडचा रक्तप्रवाह आपोआप मोकळा करतं. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण त्यांच्या मधली हवा ऊब धरते. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करू नये. ती तळव्यांतली ऊब शोषत राहते. केस ओले ठेवून थंडीत बाहेर पडू नये. झोपताना पायमोजे घालावेत: पाय उबदार असले की झोपही लवकर लागते, असं स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या संशोधकांना आढळलं आहे. मधुमेह्यांनी आणि वृद्धांनी मात्र रबरी पिशवीने पाय शेकू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही आणि झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

घरातल्या आजी-आजोबांकडे तर जातीने लक्ष हवं. वयानुसार गारव्याची जाणीव बोथट होते, थरथरही कमी होते, त्यामुळे ते तक्रार न करताच गारठत जातात. थंडीच्या दिवसांत वृद्ध माणूस सुस्तावला, असंबद्ध बोलू लागला आणि पोट हाताला गार लागलं तर थर्मामीटर लावावा. तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांनी, थंडी नव्याने वाजू लागली असेल किंवा सोबत थकवा, धाप असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो, आणि तो दाखवते फेरिटिनची तपासणी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, जेवणानंतर लगेच चहाही नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं. आणि हिमोग्लोबिन वाढलं म्हणून गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत; साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.