उघड्या कप्प्यावरची हवा आणि संगणकाची परीक्षा



हायवेवर गाडी वेगात असताना मागची एकच काच खाली करून पाहिली आहे? कानांवर धडधड दणके बसतात. लढाऊ विमानाच्या पोटातला कप्पा उघडला की हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. आवाज १६० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो आणि आतल्या सामानाला, पत्र्याला इजा होऊ शकते.

असे का होते?

कप्प्याच्या पुढच्या कडेवरून सुटलेल्या हवेत भोवरे तयार होतात. ते मागच्या भिंतीवर आदळतात. त्यातून निघालेली दाबाची लाट, म्हणजे आवाजच, पुढच्या कडेपर्यंत परत येते आणि तिथे नवा भोवरा उठवते. बाहेरची हवा जवळजवळ ध्वनीच्या वेगाने मागे धावते, म्हणून लाटेला बाहेरून पुढे येणे कठीण. आतली हवा मात्र संथ असते, तिथून वाट मिळते.

चला, गणित करू

कप्पा अर्धा मीटर लांब, हवेचा वेग सेकंदाला २९० मीटर, म्हणजे ध्वनीच्या ०.८५ पट. भोवरे हवेच्या साधारण ०.५७ पट वेगाने सरकतात. त्यांना जायला सुमारे ३ मिलिसेकंद, लाटेला परतायला १.५. एक फेरी ४.५ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला सुमारे २२३ फेऱ्या. ब्रिटनमध्ये रॉसिटर यांनी १९६४ साली प्रयोगांवरून यात पाव फेरीची वजाबाकी सुचवली. मग सूर मिळतात २२३ च्या ०.७५, १.७५ आणि २.७५ पट: सुमारे १६७, ३९० आणि ६१३ हर्ट्‌झ.

मग संगणक कशाला?

हे सूत्र सूर सांगते, पण तो किती जोरात वाजेल ते सांगत नाही. त्यासाठी सिम्युलेशन लागते. हवेचे लाखो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकातला दाब आणि वेग क्षणाक्षणाला काढायचा. सोपी पद्धत म्हणजे सगळ्या भोवऱ्यांची सरासरी घेणे. पण इथे भोवराच तर मुख्य पात्र! सरासरी घेतली की आवाजही पुसट होतो. वर्गाचे सरासरी गुण पाहून एकेका मुलाची अडचण कळते का? तसेच आहे हे. म्हणून मोठे भोवरे प्रत्यक्ष मोजतात आणि फक्त बारीक भोवऱ्यांचा अंदाज घेतात. भिंतीजवळ सरासरी आणि इतरत्र मोठे भोवरे, अशी मिश्र पद्धत १९९७ साली सुचवली गेली. ती कमी खर्चात चालते.

उत्तर बरोबर कशावरून?

मुले पटकन म्हणतात, "कॉम्प्युटरने दाखवलं म्हणजे बरोबरच!" इथेच आपण थांबवायला हवे. विंड टनेलमध्ये ठेवलेल्या ५:१:१ मापाच्या कप्प्यातले दाब आधीच मोजलेले आहेत. त्यांच्याशी आकडे जुळले तरच सिम्युलेशनवर विश्वास ठेवतात. चित्र कितीही रंगीत असो, मोजमापाशिवाय तो पुरावा नाही.

मुलांना द्या: कप्पा एक मीटर लांब केला तर सूर किती होतील? उत्तर आधी अंदाजाने सांगू द्या, मग गणिताने तपासू द्या.