खुणेच्या आत, खुणेच्या बाहेर

पुस्तकात घातलेली कागदाची पट्टी पान दाखविते, ओळ दाखवीत नाही. संगणकावरील लेखनात ज्याला बुकमार्क म्हणतात, तो मात्र मजकुराची दोन्ही टोके धरून ठेवतो. ‘वर्ड’मध्ये साठविलेल्या दस्तऐवजात आरंभाची एक आणि अंताची एक, अशा दोन खुणा रोवलेल्या असतात. शेताच्या बांधावरच्या दगडांसारख्याच त्या. फक्त डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घोटाळा तेथेच होतो.

समजा, भाडेकराराच्या पहिल्या पानावर घरमालकाचे नाव अशा खुणांत बांधले आहे, आणि पुढे सहीच्या जागेपर्यंत ते नाव तेथूनच उचलले जावे अशी योजना आहे. मागाहून कळते की घर भाऊ आणि बहीण अशा दोघांचे आहे. लेखनिक भावाच्या नावापुढे बहिणीचे नाव लिहितो. पहिले पान निर्दोष दिसते. परंतु ही भर अखेरच्या खुणेपलीकडे पडली असेल, तर पुढच्या प्रत्येक पानावर भाऊ एकटाच मालक राहतो! बहिणीला वगळण्याचे कोणाच्या मनातही नसते, पण कागद तसे बोलतो.

खुणांमधील कोणत्याही दोन अक्षरांच्या मध्ये घातलेला मजकूर खुणेत सामावतो. अखेरच्या खुणेनंतरचा सामावत नाही. काही भाग खोडला तर उरलेल्यावर खूण टिकते. सारेच खोडले तर खूणही जाते. मॅक्रोने खुणेतील सगळा मजकूर बदलला तरी तेच घडते. म्हणून जाणता प्रोग्रामर मजकूर बदलल्यावर त्याच नावाची खूण पुन्हा रोवतो.

हाताने दुरुस्ती करावयाची तर प्रथम ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात बुकमार्क दाखविण्याची सोय चालू करावी. मजकुराभोवती चौकोनी कंस उमटतात आणि बहिणीचे नाव कंसाबाहेर राहिलेले स्पष्ट दिसते. मग दोन्ही नावे एकत्र निवडून, ‘इन्सर्ट’मधील ‘बुकमार्क’ उघडून, यादीतील जुनेच नाव घेऊन ‘ॲड’ म्हणावे. जुनी हद्द आपोआप मोडते व नवी लागू होते. नवे नाव देण्याचा मोह टाळावा, कारण पुढची पाने जुन्या नावालाच ओळखतात.

एवढ्याने पुढची पाने बदलत नाहीत. सर्व मजकूर निवडून ‘एफ ९’ ही कळ दाबावी लागते. पानाच्या शिरोभागातील आणि तळाशी असलेली नावे या निवडीत येत नाहीत; ती स्वतंत्रपणे उघडून पाहावी लागतात.