सर्वांचं वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं तिथल्या उत्खननात सापडली आणि गावाचं नाव दूरवर गेलं. पण याच मुलखातल्या शेतकऱ्यांची दीडशे वर्षांपूर्वीची हकिगत आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

कापसाचे भाव पडलेले, शेतसारा वाढलेला, घर सावकाराकडे गहाण! कागदावर अंगठा उठवायचा. वर काय लिहिलंय ते कोण सांगणार? दावा लागला की जमीन गेलीच. अखेर १८७४ साली शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि मग गावोगाव कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या.

अशा दिवसांत रयतेची बाजू सरकारपुढे मांडणारी एक संस्था पुण्यात होती, सार्वजनिक सभा. तिचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी. १८२८ साली साताऱ्याला जन्म. पुण्यात येऊन आधी नोकरी, मग वकिली. चांगला जम बसलेला. मुकाट्यानं पैसा मिळवत बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

पण २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली आणि या गृहस्थांचं घरदार सार्वजनिक झालं. सभेचा नियम मोठा मजेदार होता. सभासद व्हायचं तर निदान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं! सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशी सहा हजारांवर माणसं उभी होती. अशिलाशिवाय वकील बोलत नाही, तसं लोकांच्या सहीशिवाय पुढाऱ्यानंही बोलू नये, असाच त्याचा अर्थ. न्यायमूर्ती रानड्यांची विद्वत्ता आणि जोशांची धडपड, या जोडीनं सभा चालली. १८७६च्या दुष्काळात सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. कोर्टाच्या खर्चात माणसं बुडू नयेत म्हणून काकांनी लवाद कोर्टं काढली. वकिलानं स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडण्यासारखं होतं हे!

१८७२ साली त्यांनी स्वतः सूत काढून खादी वापरण्याचं व्रत घेतलं. तेव्हा गांधीजी जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते. १ जानेवारी १८७७च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीनं झळकत होते, आणि काका गेले ते पांढऱ्याशुभ्र खादीत. जाऊन मागितलं काय? तर हिंदी माणसाला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचं स्थान.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही मागे राहिल्या नाहीत. बायकांनी एकत्र जमावं, चार गोष्टी ऐकाव्यात, बोलाव्यात म्हणून त्यांनी पुण्यात 'स्त्री विचारवती' सभा काढली. ज्या काळी बाईनं हातात पुस्तक धरलं तरी भुवया उंचावत, त्या काळातली ही गोष्ट!

खरी कसोटी लागली १८७९ साली. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सारं पुणं सरकारच्या संशयाच्या छायेत. रानड्यांचीही धुळ्याला बदली झालेली. फडक्यांशी ओळख होती हे सांगायलाही लोक कचरत. राजद्रोह्याचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःकडे बोट दाखवून घेणंच की! काकांनी ते घेतलं. फडक्यांचा मार्ग काकांचा नव्हता. त्यांचा सारा भर अर्जांवर, कायद्यावर. पण आरोपीच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला हवं, एवढं त्यांना पुरेसं होतं. खटल्यात यश आलं नाही. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवलं गेलं.

पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काका गेले. वय अवघं बावन्न. तोवर शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत १८७९चा कायदा झाला होता; रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा त्यानं कोर्टांना मिळाली.

मैत्रिणींनो, आजही एखादीला घरच्या कागदावर नुसती सही करायला सांगतात. तेव्हा 'आधी वाचून दाखवा' म्हणायला कचरू नका. तिला स्वतःला धीर होत नसेल, तर शेजारणीनं तिच्या वतीनं म्हणावं. वकीलपत्र घ्यायला दर वेळी काळा कोट लागतोच असं नाही.