ब्लॉकेज विचारलं, किडनी विचारली का?

धाराशिवहून सकाळी सोलापूरकडे निघणाऱ्या एसटीत दोन-चार जणांच्या मांडीवर कापड दुकानाची पिशवी असतेच. आत कापड नसतं. ईसीजीच्या घड्या, इकोचा कागद, अँजिओची सीडी, गोळ्यांच्या अर्ध्या रिकाम्या पट्ट्या आणि सगळ्यात तळाशी लॅबचा चुरगळलेला रिपोर्ट असतो. शेजारचा विचारतो, “काय झालंय मामांना?” उत्तर तयार असतं. “दोन ब्लॉकेज निघाले. एक नव्वद टक्के, एक सत्तर. पंप पस्तीसच टक्के चालतोय म्हणले डॉक्टर.” ही टक्केवारी घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

तळातल्या रिपोर्टवरचा आकडा मात्र कुणालाच पाठ नसतो. तो असतो क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा. हृदयरोग्याची पुढची वर्षं कशी जातील याचा अंदाज बांधताना डॉक्टर ज्या मोजक्या गोष्टी बघतात, त्यांत हा आकडा वरच्या रांगेत असतो. आजार छातीत, मग किडनीची चौकशी कशाला?

मोटार आणि फिल्टर

ज्याच्या रानात ठिबक आहे त्याला हे लवकर समजेल. मोटारीचं प्रेशर पडलं की फिल्टरमधून पाणी नीट निघत नाही आणि फिल्टर चोंदला की मोटारीवर लोड येतो. हृदय आणि किडनीचं नातं असंच आहे. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम, पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. दिवसभरात तिथं सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा शरीर परत घेतं.

हृदय थकलं की किडनीला दोन्हीकडून मार बसतो. पुढून रक्त कमी येतं आणि मागून शिरांमध्ये ते तुंबून राहतं. चारी बुजली की रान चिबडतं, तशी ही चिबडलेली किडनी गाळायचं काम सोडते.

शेतातला फिल्टर मुका असतो, किडनी तशी नाही. रक्त कमी येऊ लागलं की ती शरीरातलं पाणी आटलं असं समजते आणि रेनिन नावाचं रसायन सोडते. त्यातून पुढं रक्तवाहिन्या आवळतात, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं, रक्तदाब चढतो. अंगातून रक्त वाहून गेलेल्या माणसाचा जीव याच युक्तीनं वाचतो. थकलेल्या हृदयाला मात्र ती युक्ती भारी पडते. पावलं सुजतात, आडवं झालं की दम लागतो. किडनी आणखी बिघडली की अंगातलं रक्त कमी होतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, हृदयाची भिंत जाड होते. किडनीच्या रोग्यांचं हृदय मोठं झालेलं असतं, हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी 1836 मध्येच टिपून ठेवलं होतं.

या निरीक्षणाला मोठ्या आकड्यांचा आधार मिळाला तो 2004 मध्ये. अमेरिकेत 11 लाख 20 हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा किडनीची गाळण्याची क्षमता (मिनिटाला मिलिलिटरमध्ये) 60 च्या खाली जाईल तसा मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका पायरीपायरीनं वाढताना दिसला. 45 ते 59 मध्ये मृत्यूचा धोका सव्वापटीच्या आसपास होता, 15 ते 29 मध्ये तो तिपटीच्या वर गेला. त्याच वर्षी हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या 14,527 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किडनी फार बिघडलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तरीही क्षमता 81 च्या खाली दर 10 अंकांनी उतरली की मृत्यू किंवा हृदयाच्या नव्या संकटाचा धोका 10 टक्क्यांनी वाढत होता. किडनी ‘फेल’ व्हायच्या कितीतरी आधीपासून धोका सुरू होतो, असा याचा अर्थ. किडनीच्या जुनाट आजारात डायलिसिसची पाळी येण्याआधी हृदयच दगा देतं, असं पुष्कळदा घडतं.

एकच 1.2, दोन माणसं

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. टाकता आला नाही की रक्तात साचतो. आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. दोन्हींवर आकडा 1.2. एक तीस वर्षांच्या तगड्या पोराचा, दुसरा अडुसष्ट वर्षांच्या आजीचा. वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून 2021 च्या सूत्रानं गणित केलं, तर पोराची गाळण्याची क्षमता येते 83 आणि आजीची 49. आजीच्या अंगात स्नायूच कमी, म्हणून कचराही कमी. तरीही तो 1.2 पर्यंत साचला, याचाच अर्थ गाळणी मंदावली आहे. “क्रिएटिनिन नॉर्मल आहे” म्हणून कागद पिशवीच्या तळाशी गेला, तर तो नेमका आजीचा असतो. या क्षमतेला ई-जीएफआर म्हणतात. अनेक लॅब तो आता रिपोर्टवरच छापतात. छापला नसेल तर डॉक्टर मिनिटभरात काढून देतात.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. संतमंडळी जमली असता काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत कोण कच्चं, कोण पक्कं ते सांगितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. मडकं नुसतं रंगावरून ओळखता येत नाही, वाजवून बघावं लागतं. किडनीचंही तसंच. निम्म्याहून अधिक काम थांबलं तरी ती दुखत नाही, लघवीही बहुधा नेहमीसारखी होत राहते. तिला वाजवून बघायची थापटणी दोन. एक हा ई-जीएफआर, दुसरी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या वर किंवा ई-जीएफआर 60 च्या खाली असं तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलं, तर तो किडनीचा जुनाट आजार समजतात.

घात होतो तो इथं

पहिला घात दुखण्याच्या गोळीचा. खुरपण, ऊसतोड, डोक्यावरचं पाणी यात आयुष्य गेलं की गुडघे आणि कंबर बोलायला लागतात. मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकची सुटी गोळी येते. रेनिनची साखळी तोडणारी रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी अशा तिन्ही एकत्र आल्या की किडनीतलं प्रेशर एकदम पडू शकतं. हृदयरोग्यानं दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरा पाण्याचा. हृदय कमजोर म्हणून जानेवारीत डॉक्टर सांगतात, “पाणी बेतानं प्या.” मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, माणूस रानात घाम गाळतो आणि पाणी जानेवारीच्याच मापानं पितो. त्यात जुलाब-उलटी लागली की किडनी कोरडी पडते. अशा दिवशी लघवीची आणि प्रेशरची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्यांनीही गोळ्यांचं आधीच विचारून ठेवावं. घरात वजनकाटा असेल तर रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते मांस नसतं, साचलेलं पाणी असतं.

तिसरा मिठाचा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. ठेचा, लोणचं, पापड यांतच त्यातलं बरंच संपतं. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी मंदावलेल्या माणसाच्या रक्तात ते साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

चौथा घात भीतीचा. “या गोळ्यांनी किडनी जाते” असं कुणी पारावर सांगतं आणि चालू औषध बंद होतं. रेनिनची साखळी तोडणाऱ्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं हे खरं, पण मर्यादेत असेल तर डॉक्टर ते चालवून घेतात, कारण पुढं त्याच गोळ्या हृदय आणि किडनी दोघांनाही सांभाळतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासतात. मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन आता मधुमेह नसलेल्या हृदय-किडनीच्या रुग्णांनाही देतात. 2020 च्या एका चाचणीत किडनीच्या 4,304 रुग्णांपैकी ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 31 टक्क्यांनी कमी दिसलं. त्याच वर्षी भारतात त्याचं एक पेटंट संपलं आणि पुढं स्वस्त गोळ्या आल्या. ही गोळी सगळ्यांनाच चालत नाही, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच.

क्रिएटिनिनची तपासणी अँजिओसारखी महाग नाही, तिच्यासाठी सोलापूर गाठावं लागत नाही. रक्तदाब आणि साखर तर तिशीनंतर गावच्या उपकेंद्रातही बघतात, आणि किडनी बिघडवणारी मुख्य जोडी तीच आहे. कमी आहे ती विचारण्याची. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ब्लॉकेजचं बोलून झालं की तीन प्रश्न आणखी विचारा. माझा ई-जीएफआर किती? लघवीत अल्ब्युमिन जातं का? पुढची तपासणी कधी? उत्तरं तारखेसकट फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो दर खेपेला किती उतरतोय, हे जास्त बोलकं असतं. पेन नसेल तर परतीच्या एसटीत कंडक्टरकडे मिळेल.