गरम फरशी, थंड डोक्याने

लंडनच्या रांगेतल्या घरांपैकी एखादं शंभरेक वर्षांचं घर, जानेवारीतली सकाळ, आणि दाराशी चपला काढून आत येणारा मराठी माणूस. पहिल्या पावलालाच अंगावर शहारा येतो. घराची डागडुजी निघाली की म्हणूनच फरशीखालच्या हीटिंगचा विषय निघतो आणि पाठोपाठ ऐकीव माहितीही येते.

फरशी तव्यासारखी तापते, हा त्यातला लाडका समज. युरोपीय मानकानुसार बसण्याउठण्याच्या खोलीत पृष्ठभाग २९ अंश सेल्सिअसच्या वर न्यायचा नसतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पाय पोळतात, त्याच्या आसपासही हे जात नाही. पाइपातलं पाणीसुद्धा साधारण ३५ ते ४५ अंशांचं असतं. सगळी जमीनच रेडिएटरचं काम करत असल्याने एवढं पुरतं आणि हीट पंपाशीही छान जमतं.

‘उष्णता वरच जाते, मग खाली इन्सुलेशन कशाला?’ हा प्रश्न मात्र महागात पडतो. वर जाते ती गरम हवा. उष्णता थंडाव्याकडे जाते, मग तो खाली का असेना. जुन्या घरातल्या उघड्या काँक्रीटवर थेट पाइप टाकले, तर घरमालक पैसे मोजून जमीन तापवत बसतो. त्यामुळे ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात आधी इन्सुलेशनची ओळ शोधावी.

सगळं घर खणावंच लागतं असंही नाही. पारंपरिक पद्धतीत ६५ ते ७५ मिलिमीटरचा कोबा लागतो. डागडुजीसाठी १५-२० मिलिमीटरचे पातळ बोर्ड मिळतात. पण त्यावर चिकटवणारा थर आणि टाइल आली की जमीन बोट-दीड बोट वर येते. मग दार घासतं, त्याची खालची कड तासावी लागते, आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होऊन रोज अडखळायला होतं.

लाकडी फरशी चालते, फक्त पृष्ठभाग २७ अंशांच्या आत ठेवायचा. खरा अडथळा जाड गालिच्याचा.

विजेची मॅट म्हणजे बिलाचा भडका? न्हाणीघरात चार चौरस मीटरवर, दर चौरस मीटरला १५० वॉटची मॅट म्हणजे ६०० वॉट; दोन तासांत १.२ युनिट. दोन किलोवॉटचा गीझर तेवढी वीज ३६ मिनिटांत खातो. अख्खं घर मात्र विजेच्या मॅटवर तापवायला निघू नये.

गळतीची भीती सगळ्यांनाच. प्रत्येक वळशाचा पाइप अखंड, सांधा फरशीखाली नाही, आणि कोबा ओतताना तो दाबाखाली भरलेला ठेवतात, म्हणजे खिळा लागलाच तर लगेच कळतं. धोका नंतरचा: दाराला अडसर बसवायला कुणीतरी ड्रिल चालवतं. पाइप झाकण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

आणि कोबा सिमेंटचा असेल तर २१ दिवस हीटिंगला हात लावायचा नाही. त्यानंतरही पहिले तीन दिवस पाणी २०-२५ अंशांचंच.